भागोजीनं बांधलेलं नवं

भागोजीनं एकदा जेसीबीला नवं बांधलं होतं.

वाडीच्या रस्त्याचं काम चाललं होतं आणि नेमकी नव्याची पुनव आली. जेसीबीचा ड्रायव्हर झारखंडचा. सकाळी तो अंघोळ करून आला, तर त्याच्या यंत्राच्या सोंडेला भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुर्डूचं फूल, झेंडू आणि आंब्याचं पान अशी एक जुडी लटकत होती. शेजारी खाकी शर्टातला एक उंच, काटकुळा म्हातारा हात जोडून उभा होता. ड्रायव्हरला वाटलं, काम बंद पाडायला आलेत. भागोजी त्याला हिंदीत समजावू लागला आणि ते हिंदी ऐकून ड्रायव्हर आणखी घाबरला.

"ये नया है," भागोजी म्हणाला. "नया आया, तो सबको बांधने का. घर को, गाय को, विहीर को. तेरे को भी."

आणि त्यानं खरोखरच ड्रायव्हरच्या मनगटाला एक लोंबी बांधली. तो माणूस काम संपवून पुढच्या गावी गेला तेव्हाही ती लोंबी त्याच्या हातावर होती, दाणे सगळे झडलेली.

नवं म्हणजे काय, हे इकडे कुणाला सांगावं लागत नाही, त्यामुळे कुणाला धड सांगताही येत नाही. बाकीचा मुलूख ज्या रात्री आटवलेलं दूध पितो त्या कोजागिरीला रत्नागिरीच्या या वाड्यांतून नव्याची पुनव म्हणतात. सकाळी शेतात जायचं, उभ्या भाताला हात जोडायचे, पहिल्या लोंब्या कापायच्या, केळीच्या सोपटाच्या दोरीनं त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि त्या दारावर लटकवायच्या. ती जुडी म्हणजे नवं. दुपारी नव्या तांदळाची खीर जेवायची, तेही नवंच. आजाऱ्याची चौकशी करताना "नवं खाल्लंन का?" असं विचारतात आणि उत्तर होय आलं तर माणूस वाचला असं धरून पुढच्या गोष्टी बोलतात. देणंघेणं अडलं की "नव्यापर्यंत थांब" म्हणतात. आणि एक वाक्य आवाज खाली आणून बोलतात: "त्यांच्या दारावर नवं न्हाय." सुतकातल्या घराला नवं बांधत नाहीत. बांधून झाल्यावर बातमी आली तर काढतात, आणि एकाच घराचं नाही, सगळ्या भावकीच्या दारांवरचं.

भागोजी मात्र हा शब्द कुठंही वापरी. रिक्षाला टायर घातला की "पायाला नवं बांधलं". पुढचे दात जाऊन कवळी आली तेव्हा तो आठवडाभर वाडीत हसत हिंडला, "तोंडाला नवं बांधलंय" म्हणून. बायको काशी म्हणायची, "तुमच्या डोक्याला कुणी तरी बांधा."

या वेडाला कारण काशीच होती. भागोजी तरुणपणी मुंबईत भायखळ्याला एका छापखान्यात होता. आईबाप गेलेले, गावातलं घर बंद. एका वर्षी पुनवेला त्याला रजा मिळाली नाही. शिमग्याला तो आला तेव्हा मनाची तयारी करूनच पाखाडीच्या पायऱ्या चढला: बंद दार, उघडा खिळा, कोळ्यांची जाळी. पण दारावर नवं होतं. वाळलेलं, तरी त्याच वर्षीचं, दाण्यांनी भरलेलं. त्यानं चार घरी विचारलं. कुणी कबूल होईना. शेवटी विहिरीवरून येणारी एक मुलगी कळशी कमरेवर घेऊन हसत उभी राहिली.

"बंद दाराला कोण नवं बांधतंय गो?" भागोजीनं विचारलं.

"दार बंद असतंय," काशी म्हणाली. "घर न्हाय."

भागोजी छापखान्यात परत गेला तो फक्त पगार आणि वळकटी आणायला. लग्न झालं, पुढे रिक्षा आली. मिरजोळ्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायका, स्टेशनवर उतरणारे चाकरमानी, बाजारचे नारळ, कधी एखादी शेळी, अशी त्याची वाहतूक चालू झाली. आणि पुनवेच्या सकाळी वाडीतल्या सगळ्या बंद घरांना नवं बांधायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईला गेलेल्यांची दारं वाढत गेली तसा भागोजी पहाटे लवकर उठू लागला.

त्यातलं एक दार चुलत भावाचं, रावजीचं होतं. ते तो सगळ्यात शेवटी बांधी.

रावजी आणि भागोजी एकाच पावसाळ्यात जन्मले. दोघांच्या घरांमध्ये एक दगडी गडगा, तोही उडी मारून जाण्याइतका. मग एका शिमग्याला भागोजी देवीची पालखी नाचवत असताना रावजी सगळ्या गावासमोर म्हणाला, "अरे, पालखी नाचवतोस की पाटा वाहतोस?" गाव हसलं. देवीसुद्धा हसल्यासारखी हलली, असं पुढे बरेच जण सांगत. भागोजीनं पालखी दुसऱ्याच्या खांद्यावर दिली, घरी आला, आणि त्या दिवसापासून रावजीशी बोलला नाही. रावजीही कमी नव्हता. त्यानं गणपती नालासोपाऱ्यातच बसवायला सुरुवात केली आणि गावचं दार लावून घेतलं ते लावलंच. कुलपाला गंज चढला.

तरी नवं चुकलं नाही. खिळ्याला दोरी बांधता बांधता भागोजी त्या दाराशी भांडायचा. "आता तरी बोल, मेल्या. म्हातारे झालो. पाटा म्हणालास, मी ऐकून घेतलं. आता तू बोल."

काशी गडग्यापलीकडून म्हणायची, "फळीशी बोलतायसा त्यापेक्षा फोनवर बोला."

"त्यानं आधी बोलायला हवं."

"आणि तो तिकडं म्हणत असेल, ह्यांनी बोलायला हवं."

"मग त्याचं चुकतंय."

यंदाच्या पुनवेलाही सगळं असंच व्हायचं होतं. आदल्या संध्याकाळी भागोजीनं सगळ्या दारांवरची, रावजीच्याही, गेल्या वर्षीची वाळलेली नवी उतरवून कोंबड्यांपुढं टाकली. सकाळी पाखाडीच्या दोन्ही बाजूंनी बांधत बांधत तो वर गेला. शेवटची जुडी हातात होती आणि रावजीच्या घरापुढचं खळं दहा पावलांवर होतं, तेवढ्यात खालून मालनची हाक आली. मालन ही भावकीतलीच, चुलत चुलत भावाची बायको. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा कारभार तिच्याकडे, आणि वाडीचाही बराचसा.

"भावजी! खिरीला नारळ न्हाय! बाजारात सोडा!"

भागोजी धावत खाली आला. हातात काहीतरी आहे हे त्याला कळलं, आणि हातातलं नवं समोर दिसेल त्याला बांधायची वर्षानुवर्षांची सवय. ते त्यानं रिक्षाच्या आरशाला बांधलं. तिथं सकाळचंच एक आधी लटकत होतं. त्याच्या लक्षात आलं नाही. मालन बडबडत होती, रिक्षा उतारावर उडत होती, कातळावरची सोनकी वाऱ्यावर पिवळी पिवळी नाचत होती, आणि भागोजीच्या मनात रावजीचं दार बांधून झालं होतं. कारण ते दरवर्षी बांधून झालेलं असायचं. त्या सगळ्या वर्षांच्या गाठी एकमेकींसारख्या होत्या. यंदाची त्यांत नाही हे कसं कळणार?

दुपारी मालन नारळ पोचवून वरच्या घराकडे गेली आणि तशीच परत आली. भागोजीच्या खळ्यात उभी राहून, आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "भावजी, रावजी भावजींच्या दारावर नवं न्हाय."

"असेल गो. मी बांधलंय."

"न्हाय ओ. नुसता खिळा."

भागोजी गडग्यावरून उडी मारून गेला. खिळा होता. दोरीचा धागासुद्धा नव्हता. त्यानं खिळ्यावरून बोट फिरवून बघितलं. मी बांधलं, हे पक्कं. आता नाही, हेही पक्कं. म्हणजे कुणी तरी काढलं. आणि नवं माणूस एकाच कारणासाठी काढतो.

तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून काशीनं खिरीचं पातेलं चुलीवरून उतरवलं.

"बातमी कुणाला आली?" तिनं विचारलं.

कुणालाच आली नव्हती. पण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला आली असणार. रावजीच्या पोरानं कुणाला तरी कळवलं, त्यानं गुपचूप येऊन नवं उतरवलं, आणि सणाच्या दिवशी कसं सांगायचं म्हणून गप्प बसला. भला माणूस. तो भला माणूस कोण, यावर थोडा वेळ चर्चाही झाली.

भावकीत सगळ्यात वडील सोनूकाकी. तिला पडवीत आणून बसवलं.

"काढा," काकी म्हणाली. "आपल्या सगळ्यांची काढा."

"पण काकी, बातमी न्हाय आली अजून," काशी म्हणाली.

"दार काय खोटं बोलतंय?"

फोन करायचे तर पाण्याच्या टाकीपाशी जावं लागे, रेंज तिथंच. सगळी वाडी टाकीपाशी. रावजीचा नंबर भागोजीकडे नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांना काय विचारायचं ते सुचेना. "हॅलो, कोण मेलं?" असं कसं विचारणार? आणि रावजीच्याच नंबरावर "रावजी गेले का?" असं विचारायचं तरी कुणाला? तरी धीर करून लावले. सगळे सगळ्यांना लावत होते, म्हणून कुणाचाच कुणाला लागत नव्हता. "बघा, व्यस्त येतंय," मालन म्हणाली. "त्या घरी आज फोनाला दम असेल का?" तेही सगळ्यांना पटलं.

संध्याकाळपर्यंत भावकीच्या सगळ्या दारांवरचं नवं उतरलं. पातेली झाकली गेली. मालननं ग्रुपवर नवं नसलेल्या उघड्याबोडक्या दारांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: "सर्वांनी नोंद घ्यावी, वाडीत नवं काढलं आहे. भावपूर्ण श्रद्धांजली." नाव लिहायला तिचा अंगठा धजेना. नावाची कुणाला गरजही पडली नाही. मुंबई, पुणे, सुरत, जिथं जिथं वाडीचे होते तिथून जोडलेले हात येऊ लागले. हात, हात, हात. एकानं "मोठा माणूस होता" असं लिहिलं. दुसऱ्यानं "होती" असं दुरुस्त केलं आणि मग ते पुसलं.

भागोजी मागच्या पडवीत एकटा बसला. आधी कोण बोलणार, ही पैज त्यानं इतकी वर्षं मन लावून खेळली होती. आता समोरचाच उठून गेला, तर जिंकलं कोण? त्याच्यापाशी रावजीला सांगायच्या गोष्टी साठल्या होत्या. फणस यंदा जमिनीलगत लागला. विहिरीचा कठडा नवा केला. कवळी कशी बसवली. दारापाशी उभं राहून त्यानं शिव्याच दिल्या होत्या, या गोष्टी राखून ठेवल्या होत्या.

"उद्या जातो," तो काशीला म्हणाला. "नालासोपाऱ्याला. माती तरी..."

"माती झाली असेल ओ."

"मग घर तरी बघतो त्याचं."

दुखवट्याच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. सकाळी काशीनं पिशवीत नाचणीचं पीठ, आमसुलं आणि नव्या भाताचे हातानं कांडलेले तांदूळ भरले. भागोजीनं पांढरी टोपी घातली आणि रिक्षा काढून स्टेशनवर आला. घरातली, गोठ्यातली, विहिरीवरची सगळी नवी त्यानं उतरवली होती. रिक्षाची आठवणच झाली नव्हती.

रात्री मुंबईहून निघालेली गाडी नुकतीच येऊन गेली होती. माणसं बाहेर पडत होती. भागोजी आत जात होता. दरवाज्यात त्याच्यासमोर एक माणूस आला: डोक्यावर पांढरी टोपी, हातात पिशवी, डोळे सुजलेले.

रावजी.

दोघंही थांबले. मागची माणसं दोघांना आदळली.

"तू!" भागोजी म्हणाला.

"तू!" रावजी म्हणाला, त्याच क्षणी.

"तू मेलास ना?"

"मी? अरे, मी तुझ्या मयताला आलोय!"

"माझ्या? मी तुझ्या घरी निघालोय!"

रावजीनं पिशवी खाली ठेवली आणि भागोजीच्या दंडाला चिमटा काढला. भागोजी ओरडला. त्यानं रावजीला चिमटा काढला. रावजी ओरडला. एक हमाल डोक्यावरचं सामान तसंच तोलून धरत बघत राहिला. मग रावजी हसायला लागला. त्याचं हसणं आधी पोटात अडकायचं आणि मग शिट्टी फुंकल्यासारखं बाहेर यायचं. ते भागोजीनं इतकी वर्षं ऐकलं नव्हतं. ते ऐकून भागोजीलाही हसू फुटलं आणि कवळी हातात धरावी लागली.

"ग्रुपवर फोटो बघितला," रावजी सांगू लागला. "सगळी दारं उघडी. तुझंही. मी म्हटलं, सगळ्यांना नवं बांधणारा माणूसच गेला, म्हणून कुणाच्याच दारावर न्हाय. फोन कुणाचाच लागेना. तसाच निघालो. तुझी वहिनी रडतेय तिकडं."

"आणि पिशवीत?"

"चहापत्ती, साखर, बिस्किटांचे पुडे. तुझ्या घरी चूल पेटली नसेल, म्हणून."

दोघांनी एकमेकांच्या दुखवट्याच्या पिशव्या उघडून बघितल्या. रावजीनं तांदळाचा वास घेतला आणि पिशवी बंद केली.

रिक्षाशी आल्यावर तो थबकला. "वा रे वा! दारंबिरं उघडी केलीस, आणि रिक्षाला जोडीनं नवं?"

भागोजीनं आरशाकडे बघितलं. एक होतं. आणि एक होतं. कालची मालनची हाक, उतार, सोनकी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून पुन्हा धावत गेलं. तो रिक्षाला टेकला.

"ह्यातलं एक तुझं," तो म्हणाला.

"माझं?"

"तुझ्या दाराचं. मी बांधायला विसरलो. म्हणून तू मेलास."

रावजी रस्ताभर शिट्ट्या फुंकत हसत होता. मिरजोळ्याच्या कंपन्यांच्या बसमधल्या बायका खिडकीतून बघत होत्या: पांढऱ्या टोप्यांतले दोन म्हातारे, डोळ्यांतून पाणी, आणि रिक्षा वाटेत येणाऱ्या प्रत्येक खड्ड्यात मुद्दाम घातल्यासारखी चाललेली.

वाडीत पहिली मालन दिसली. ती किंचाळली आणि मग, किंचाळून झाल्यावर, आधी मोबाईल काढला. पडवीतून सोनूकाकीनं डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"मयत आणि मयताला गेलेला एकाच रिक्षात?" ती म्हणाली. "बसा. चहा घ्या."

प्रश्न उभा राहिला तो वेगळाच. माणसं जिवंत, पण दारं उघडी. पुनव तर काल झाली. उतरवलेलं नवं कुणी वहाळात सोडलं होतं, कुणाच्या कोंबड्यांनी फस्त केलं होतं. एकदा काढलेलं पुन्हा बांधतात का, हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण आजवर सुतक कधी मागे फिरलं नव्हतं. सगळ्यांनी काकीकडे बघितलं.

"मेलाच न्हाय तर सुतक कसलं?" काकी म्हणाली. "बांधा."

"पण काकी, पुनव झाली."

"भात काय कालच पिकायचं होतं? आज पिकत न्हाय?"

आणि वाडी शेतात धावली. काल शहाण्यासारखी गेलेली माणसं आज पोरांसारखी गेली. कुणाच्या हातात विळा, कुणाच्या हातात विळीच. मालन बांधावरून घसरून चिखलात बसली आणि तिथूनच तिनं ग्रुपवर लिहिलं: "कालची श्रद्धांजली रद्द समजावी. नवं पुन्हा बांधत आहोत." मुंबईकरांनी पुन्हा जोडलेले हात पाठवले, त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. भागोजीनं दारं बांधली, गोठा बांधला, पाण्याची टाकी बांधली, आणि सोनूकाकीच्या काठीला एक बांधलं तेव्हा काकीनं त्याच काठीनं त्याला हळूच मारलं.

रावजीच्या दाराशी दोघं शेवटी आले. भागोजीनं ताजी जुडी पुढे केली. रावजीनं मान हलवली. रिक्षाच्या आरशाचं, उन्हानं कोमेजलेलं नवं त्यानं मागून घेतलं होतं.

"माझं हे," तो म्हणाला.

खिळ्याला दोरी गुंडाळताना त्याची गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा भागोजीनं गाठीवर बोट धरलं.

"दरवर्षी तूच बांधायचास?" रावजीनं पाठ न वळवता विचारलं.

"मग कोण?"

"ग्रुपवरच्या फोटोत दिसायचं. मला वाटायचं, वहिनी बांधते. तुझ्या चोरून." त्यानं गाठ ओढून बघितली. "बांधताना काय म्हणायचास?"

"शिव्या घालायचो."

"घाल की."

भागोजीनं तोंड उघडलं. एकही शिवी आठवेना. त्यानं फणसाचं सांगितलं, की यंदा अगदी जमिनीलगत लागला होता, गाईच्या तोंडाशी. रावजीनं नीट ऐकून घेतलं.

"उघड आता," भागोजी म्हणाला, कुलपाकडे बोट करून.

रावजीनं खिसे चाचपले. पिशवीत बघितलं. टोपीतसुद्धा बघितलं. भावाच्या मयताला धावत निघालेला माणूस स्वतःच्या घराची किल्ली कुठून घेणार? ती नालासोपाऱ्याला देवघराच्या खणात होती.

गडग्यापलीकडून काशीची हाक आली. तिनं कालची खीर टाकून नवी केली होती. गूळ काल संपला म्हणून आजच्या खिरीत भागोजीच्या दुखवट्याची साखर पडली होती.

"चल," भागोजी म्हणाला. "पण आधी तू बोललास, एवढं कबूल कर."

"मी? स्टेशनवर आधी तू म्हणालास, तू!"

"तू तू म्हणालास, म्हणून मी तू म्हणालो."

"खोटं! शपथ घे देवीची!"

"पाटा म्हणणाऱ्यानं शपथ मागू नये."

"पाटाच होता तो!"

काशीनं पानांवर खीर वाढली आणि दोघांची वाट बघत बसली. गडग्यापाशी दोन म्हातारे उड्या मारायच्या बेतात समोरासमोर उभे होते, आणि दोघांचेही आवाज चढत चालले होते. तिनं आपल्या पानातली खीर जेवायला सुरुवात केली. आज ते लवकर येणार नव्हते.